फॅमिली प्लॅनमधली ‘जास्तीत जास्त’ रक्कम नेमकी कोणाची? (बाळ जानेवारीत, प्लॅन निवडायचा नोव्हेंबरात)

मोगरा_पार्सिपनी | ४ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. पहिलं बाळ, तारीख ६ जानेवारी. माझं ऑफिस छोटं, तिथला विमा नावापुरता, म्हणून दोघंही नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यावर आहोत. त्याचं ओपन एनरोलमेंट (पुढच्या वर्षाचा प्लॅन निवडायची मुदत) १४ तारखेला बंद होतंय आणि समोर दोन प्लॅन आहेत.

पहिला पीपीओ (यादीतले डॉक्टर स्वस्त, बाहेरचेही चालतात असा). दर दोन आठवड्यांच्या पगारातून ३१० डॉलर जाणार. डिडक्टिबल (म्हणजे विमा भरायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) माणशी ७५०, कुटुंबाला १,५००. त्यानंतरच्या खर्चातले २० टक्के आपले. आउट ऑफ पॉकेट मॅक्स (म्हणजे वर्षभरात आपल्या खिशातून जास्तीत जास्त जाणारी रक्कम) माणशी ३,५००, कुटुंबाला ७,०००.

दुसरा हाय डिडक्टिबल, एचएसए (उपचारांसाठीचं करमुक्त बचत खातं) वाला. पगारातून १४० डॉलर. डिडक्टिबल ‘इंडिव्हिज्युअल २,००० / फॅमिली ४,०००’, नंतर २० टक्के, मॅक्स ‘इंडिव्हिज्युअल ४,००० / फॅमिली ८,०००’. कंपनी वर्षाच्या सुरुवातीला एचएसएत १,५०० टाकते. दोन्हींत माणसं दोन असोत की तीन, फॅमिलीचा हप्ता तोच.

माझं म्हणणं: ॲडमिट मी एकटी होणार, मग दुसऱ्या प्लॅनमध्ये माझे फार तर ४,००० जातील. पीपीओत ३,५००. म्हणजे जवळपास सारखंच. नवरा म्हणतो ४,००० नाही, ८,०००. त्याला कारण सांगता येत नाही आणि मला त्याचं पटत नाही. कालपासून घरात फक्त कामापुरतं बोलणं चालू आहे.

कोण बरोबर?

---

दप्तरी_बाबू | ४ नोव्हेंबर २०२५

नवरा बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे. वाईट वाटून घेऊ नका, ते दोन आकडे शेजारी शेजारी छापतात तेव्हा दहातले नऊ लोक तुमच्यासारखंच वाचतात. मी अकरा वर्षं एका कंपनीत बेनिफिट्सचं काम पाहिलंय, दर नोव्हेंबरात हा प्रश्न यायचाच.

पंगतीचं उदाहरण घ्या. एका पद्धतीत प्रत्येकाच्या ताटात स्वतःची वाटी असते. आपली वाटी भरली की आपलं झालं, बाकीच्यांच्या वाट्या रिकाम्या असल्या तरी. ही एम्बेडेड पद्धत. तुमचा पीपीओ बहुतेक असा आहे. तुमचे ३,५०० झाले की त्या वर्षी तुमच्यासाठी इन-नेटवर्क (विम्याशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांचा) खर्च संपला, मग नवऱ्याचा एक डॉलरही गेलेला नसो.

दुसऱ्या पद्धतीत वाट्याच नाहीत, मधोमध एक पातेलं. सगळ्यांचा खर्च त्यात पडतो आणि पातेलं भरेपर्यंत कोणाचीच सुटका नाही. ही ॲग्रिगेट. एचएसए वाल्या प्लॅनमध्ये ही सर्रास आढळते. मग ते ‘इंडिव्हिज्युअल ४,०००’ कोणासाठी? ज्याने एकट्याचाच विमा घेतलाय त्या कर्मचाऱ्यासाठी. फॅमिली निवडलीत की तो आकडा तुमच्यापुरता पुसला जातो.

एचआरकडे एसबीसी मागा. सगळ्या कंपन्यांचा एकाच साच्यातला सारांश असतो. त्यात मॅक्सच्या ओळीशेजारी उजवीकडे एक वाक्य असतं. ‘कुटुंबातल्या इतरांना आपापली मर्यादा गाठावी लागेल’ अशा अर्थाचं असेल तर वाट्या आहेत. ‘कुटुंबाची एकूण मर्यादा गाठली गेली पाहिजे’ एवढंच असेल तर पातेलं.

---

मोगरा_पार्सिपनी | ४ नोव्हेंबर २०२५

पातेलं आहे. 😐

नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

---

कोथिंबीरवडी | ४ नोव्हेंबर २०२५

सांगू नकोस. आधी प्लॅन ठरव, मग सांग.

दप्तरी_बाबू, एक शंका. एका माणसाकडून अमुक रकमेपेक्षा जास्त घेता येत नाही असा कायदा आहे ना? फॅमिली प्लॅन असला तरी?

---

दप्तरी_बाबू | ५ नोव्हेंबर २०२५

आहे, आणि चांगला आहे. अफोर्डेबल केअर ॲक्टने २०१४ पासून कमाल रक्कम बांधून दिली. तेव्हा ती एकट्याला ६,३५० आणि कुटुंबाला १२,७०० होती. पहिली दोन वर्षं गंमत अशी की फॅमिली प्लॅनमधला एकच माणूस आजारी पडला तरी त्याच्यावर कुटुंबाची अख्खी रक्कम लादता यायची. २०१६ पासून नियम स्पष्ट झाला: फॅमिली प्लॅनमध्येसुद्धा कोणा एकाच्या अंगावर एकट्याच्या कायदेशीर मर्यादेपेक्षा जास्त पडता कामा नये. कंपनी स्वतःच्या तिजोरीतून दावे भागवत असली तरीही. बहुतेक बड्या कंपन्या तसंच करतात, कार्डावर विमा कंपनीचं नाव असलं तरी पैसे मालकाचे असतात.

पण आकडे पाहा. २०२६ साठी ती मर्यादा एकट्याला १०,६०० आणि कुटुंबाला २१,२०० आहे. २०२५ मध्ये ९,२०० आणि १८,४०० होती, म्हणजे एका वर्षात चांगलीच उडी. मोगराताईंचं पातेलंच ८,००० चं. ते १०,६०० च्या आत असल्यामुळे हा नियम त्यांच्या कामाला येतच नाही. कोणाचं पातेलं १५,००० चं असेल तर मात्र त्यातल्या एका माणसाला १०,६०० वर थांबवावंच लागेल. तशा प्लॅनवाल्यांनी हे डोक्यात ठेवा, कारण बिल पाठवणाऱ्याला ते ठाऊक असेलच असं नाही.

एचएसए प्लॅनची आयआरएसने (केंद्राच्या करखात्याने) घातलेली मर्यादा वेगळी आणि थोडी कमी असते. २०२६ ला एकट्याचा प्लॅन ८,५००, फॅमिली १७,०००. हे दोन नियम एकत्र वाचायला गेलात तर डोकं धराल.

---

शून्याखाली_वीस | ५ नोव्हेंबर २०२५

मिनेसोटाहून लिहितोय, आयडी त्यामुळेच. बाळंतपणाचा विषय आहे म्हणून आमची गोष्ट.

२०१९. जुळी, एकतिसाव्या आठवड्यात. दोघं मिळून सात आठवडे एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात). हॉस्पिटलने विम्याला लावलेलं बिल मी एकदाच पाहिलं, सहा आकडी होतं आणि पहिला आकडा एक नव्हता. ते पाहून पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो होतो बराच वेळ. आमची फॅमिली मर्यादा ९,००० होती. बायकोची वाटी भरली, पहिल्या मुलाची भरता भरता कुटुंबाचाच आकडा पुरा झाला आणि दुसऱ्याचं जवळजवळ काहीच लागलं नाही. माझ्या आईला फोनवर सांगितलं तर तिला वाटलं मी तिची समजूत घालतोय.

पण ९,००० वर थांबलं नाही. हॉस्पिटल नेटवर्कमधलं, तरी तिथे बाळांना तपासणारे डॉक्टर ज्या ग्रुपचे होते तो नेटवर्कबाहेरचा. त्यांचं ४,३०० चं वेगळं बिल आलं आणि ते मर्यादेत धरलंच नाही. काचेच्या पेटीतल्या पोराजवळ डॉक्टर आला की त्याला ‘तुम्ही नेटवर्कमधले का हो’ असं कोण विचारतं? ते आम्ही वर्षभर हप्त्याने फेडलं.

---

दप्तरी_बाबू | ५ नोव्हेंबर २०२५

आज झालं असतं तर ते बिल तुम्हाला द्यावं लागलं नसतं. १ जानेवारी २०२२ पासून नो सरप्रायझेस ॲक्ट लागू आहे. नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात नेटवर्कबाहेरचा भूलतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, नवजात बाळांचा डॉक्टर आला तरी आपला वाटा इन-नेटवर्क दरानेच, आणि तो मर्यादेतही मोजायचा. इमर्जन्सीलाही तेच. हवाई ॲम्ब्युलन्स त्यात आहे. रस्त्यावरची साधी ॲम्ब्युलन्स नाही! हेलिकॉप्टर सुटलं आणि गाडी अडकली.

---

पेठेतला_नातू | ६ नोव्हेंबर २०२५

पुण्यातून वाचतोय, मध्येच बोलतो. तुमच्या इकडचं सगळं उलटं आहे राव.

आमच्या कंपनीचा पाच लाखांचा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम). मी, बायको, मुलगी. आईबाबांचा वेगळा हप्ता भरून घेतलाय. मागच्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा होती, आम्ही त्याच्या वरची खोली घेतली. मला वाटलं भाड्यातला फरक भरावा लागेल. तर त्यांनी सर्जनची फी, ओटी, नर्सिंग, सगळंच त्या प्रमाणात कापलं! औषधं आणि स्टेंट तेवढे सुटले. आणि पाच लाख संपले की पुढचं सगळं आपलं.

म्हणजे आमच्याकडे विमा कंपनीच्या खर्चाला झाकण आहे आणि तुमच्याकडे तुमच्या खर्चाला?

---

खडूस_आजोबा | ६ नोव्हेंबर २०२५

नातू, बरोबर पकडलंस. पण इथेही हे कायमचं नव्हतं. मी १९९१ मध्ये आलो तेव्हा कंपनीच्या विम्यावर ‘लाइफटाइम मॅक्सिमम’ असायचं. माझ्या पहिल्या कार्डाच्या पुस्तिकेत दहा लाख डॉलर लिहिलेलं आठवतं. तेव्हा ती रक्कम वाचून आपण राजे झालो असं वाटलं होतं. पुढे ऑफिसातल्या एकाच्या मुलाला रक्ताचा आजार निघाला आणि तीन वर्षांत ते दहा लाख संपत आले. त्याने नोकरी बदलली ती पगारासाठी नव्हे, नव्या विम्याचं मीटर शून्यापासून सुरू व्हावं म्हणून.

२०१० च्या त्याच अफोर्डेबल केअर ॲक्टने आवश्यक उपचारांवरची आजीवन आणि वार्षिक मर्यादा काढून टाकली. त्या कायद्याला नावं ठेवणारे माझ्या मित्रमंडळात पुष्कळ आहेत. ठेवोत. मी हा एक मुलगा पाहिलाय.

---

कोथिंबीरवडी | ६ नोव्हेंबर २०२५

आजोबा, +१.

मोगरा, आता मुद्द्यावर. पातेलं म्हटल्यावर सगळे घाबरतात, पण तू हप्ता मोजलास का? मी चहा पिता पिता हिशेब केला.

धरू की विम्याशी ठरलेल्या दराने तुझं बाळंतपण १६,००० आणि बाळाचं ४,०००. (बाळ जन्मल्या मिनिटापासून वेगळा पेशंट असतं हे माहीत आहे ना? त्याचं बिल वेगळं, आणि वाट्या असतील तिथे डिडक्टिबलही वेगळं.)

पीपीओ: तुझे ७५० अधिक उरलेल्या १५,२५० चे २० टक्के, म्हणजे ३,०५०. बेरीज ३,८००, पण वाटी ३,५०० ला भरते. बाळाचे ७५० अधिक ६५०, म्हणजे १,४००. एकूण ४,९००. वर्षाचा हप्ता ३१० गुणिले २६, म्हणजे ८,०६०. सगळं मिळून १२,९६०.

पातेलं: २०,००० पैकी पहिले ४,००० तुमचे, उरलेल्या १६,००० चे २० टक्के म्हणजे ३,२००. एकूण ७,२००. हप्ता १४० गुणिले २६, म्हणजे ३,६४०. त्यातून कंपनीचे १,५०० वजा. सगळं मिळून ९,३४०.

आणि सगळ्यात वाईट वर्ष? पीपीओ ७,००० अधिक ८,०६० म्हणजे १५,०६०. पातेलं ८,००० अधिक ३,६४० वजा १,५०० म्हणजे १०,१४०.

म्हणजे तुझं ‘वाईट’ वर्ष दुसऱ्या प्लॅनवर पहिल्या प्लॅनच्या ‘बऱ्या’ वर्षापेक्षा स्वस्त. तुम्ही भांडलात त्या ४,००० की ८,००० वर, आणि निकाल लावला हप्त्याने.

---

मोगरा_पार्सिपनी | ६ नोव्हेंबर २०२५

बापरे. हा हिशेब मी प्रिंट काढून फ्रिजवर लावलाय. आता मला नवऱ्याला सांगायला हरकत नाही, कारण ‘तुझं बरोबर होतं, पण तू चुकीच्या प्लॅनच्या बाजूने होतास’ असं म्हणता येईल. त्याला पीपीओ हवा होता.

---

कर_नाही_त्याला_डर | ७ नोव्हेंबर २०२५

हिशेब उत्तम, पण त्यात रोख पैशांची वेळ नाही. बाळ ६ जानेवारीला. एचएसएत तोवर फक्त कंपनीचे १,५००, तेही आले असतील तर. मार्चपर्यंत सात-आठ हजारांची बिलं दारात. तेवढी गंगाजळी हवी, नाहीतर हॉस्पिटलशी बिनव्याजी हप्ते बांधून घ्या. बहुतेक ठिकाणी मागितलं की मिळतात, स्वतःहून कोणी सांगत नाही.

दोन गोष्टी मात्र आत्ताच.

एक, एचएसएचं खातं १ जानेवारीलाच खरोखर उघडलेलं आहे ना ते बघा. प्लॅन सुरू झाला म्हणजे खातं उघडलं असं नाही. खातं उघडण्यापूर्वीच्या खर्चासाठी त्यातले पैसे करमुक्त वापरता येत नाहीत. बाळ आधी आणि खातं नंतर असं झालं तर तुमचा सगळ्यात मोठा खर्च बाहेर राहील. उलट खातं आधी असेल तर आत्ता खिशातून भरा, पावती जपा आणि पुढे केव्हाही काढा. मुदत नाही.

दोन, २०२६ ला फॅमिलीने एचएसएत पैसे टाकायची मर्यादा ८,७५०. कंपनीचे १,५०० त्यातच मोजायचे, म्हणजे तुमच्यासाठी ७,२५० उरतात. केंद्राचा कर वाचतो. न्यू जर्सी मात्र एचएसए मानत नाही, राज्याचा कर भरावाच लागतो. कॅलिफोर्नियाचंही तेच. नेमकी आपली माणसं सगळ्यात जास्त जिथे, तिथेच ही राज्यं कद्रू!

आणि हो, तुमच्या ऑफिसात एफएसए (उपचारांसाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवायचं खातं) घेतलाय का?

---

मोगरा_पार्सिपनी | ७ नोव्हेंबर २०२५

घेतलाय. कालच २०२६ साठी १,००० टाकले. चष्मा आणि औषधांसाठी. का?

---

कर_नाही_त्याला_डर | ७ नोव्हेंबर २०२५

आजच्या आज काढा.

साधा हेल्थ एफएसए कोणाही नवरा-बायकोपैकी एकाकडे असला की तो दोघांच्या खर्चाला चालतो. म्हणून तुमच्या नवऱ्याला एचएसएत पैसे टाकायची पात्रताच राहत नाही. एफएसए तुमच्या ऑफिसचा, कंपनी वेगळी, तरीही. कंपनीने टाकलेले १,५०० सुद्धा चुकीचे ठरतील. तुमच्याकडे ‘लिमिटेड पर्पज’ नावाचा, फक्त दात आणि डोळ्यांचा एफएसए असेल तर तो चालतो. पाळणाघराच्या खर्चाचा डिपेंडंट केअर एफएसए वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही, तो घ्याच.

यंदाच्या एफएसएमधले उरलेले पैसे पुढच्या वर्षात सरकवायची सोय असेल तर ३१ डिसेंबरच्या आत संपवा. तेही आड येतात.

---

मोगरा_पार्सिपनी | ७ नोव्हेंबर २०२५

काढला. तुम्हाला माझ्याकडून डिंकाचे लाडू. आई डिसेंबरात येतेय, ती करणारच आहे.

---

कोथिंबीरवडी | ७ नोव्हेंबर २०२५

आईचा व्हिजिटर इन्शुरन्स घेतलास ना? तिला नवऱ्याच्या प्लॅनवर घालता येत नाही. नातूसारखं ‘आईबाबांचा वेगळा हप्ता’ हा प्रकार इथे सहसा नाहीच.

---

दोन_महिने_मुदत | ९ नोव्हेंबर २०२५

या मर्यादेबद्दल एक गोष्ट कोणी सांगितली नाही. ती माणसाला चिकटलेली नसते, प्लॅनला चिकटलेली असते.

यंदा मे महिन्यात माझी नोकरी गेली. तोवर मुलीच्या दम्यामुळे आमचं डिडक्टिबल पूर्ण झालं होतं, मॅक्सच्या जवळ होतो. एच-१बी व्हिसा असल्यामुळे साठ दिवसांत काहीतरी करणं भाग. दुसरी नोकरी लागली पन्नासाव्या दिवशी. घरात पेढे वाटले आणि जुलैत मुलीच्या इनहेलरचं बिल पाहून कळलं की मीटर पुन्हा शून्यावर. नव्या कंपनीला आधीच्या खर्चाचं काही देणंघेणं नाही. विचारून पाहिलं, कधीमधी जमा धरतात म्हणे, आमच्याकडे नाही.

मधल्या काळासाठी कोब्रा (नोकरी गेल्यावरही जुना विमा स्वतः भरून चालू ठेवायची सोय) मात्र समजून घ्या. जुनाच प्लॅन, जुनंच मीटर चालू राहतं. निवडायला साठ दिवस मिळतात आणि निवडला की विमा तुटलेल्या दिवसापासून मागे लागू होतो. मी थांबलो, काही झालं नाही, घेतला नाही. काही झालं असतं तर घेतला असता. हप्ता मात्र पूर्ण भरावा लागतो, कंपनीचा वाटा धरून आणि वर २ टक्के.

तो पूर्ण आकडा पाहिला की कळतं कंपनी काय भरत होती. केएफएफ या आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या पाहणीत २०२५ मध्ये मालकांच्या फॅमिली प्लॅनचा सरासरी हप्ता वर्षाला २६,९९३ डॉलर आहे. त्यात कामगाराच्या पगारातून जाणारे ६,८५०.

---

पेठेतला_नातू | ९ नोव्हेंबर २०२५

सत्तावीस हजार डॉलर हप्ता, आणि वर आठ हजार खिशातून?! मी माझे शब्द मागे घेतो. पाच लाखांचा फ्लोटर बरा आहे. खोली साधी घेईन.

---

शून्याखाली_वीस | १० नोव्हेंबर २०२५

मोगराताई, शेवटचं. जन्मापासून तीस दिवसांत बाळाचं नाव प्लॅनवर घाला. हप्ता वाढत नसला तरी घालावं लागतं. सोशल सिक्युरिटी नंबर आला नाही म्हणून थांबू नका, तो नंतर देता येतो. मुदतीत घातलं की विमा जन्माच्या दिवसापासून धरतात. आमच्या ओळखीतल्या एकांनी बारसं, पाहुणे, रात्रीची जागरणं यात पस्तिसावा दिवस गाठला. बाळाचं बिल मर्यादेत बसायला बाळ प्लॅनवर तर हवं! त्यांचं पुढचं ओपन एनरोलमेंट नोव्हेंबरात होतं.

तुम्ही दोघांनी वेगवेगळ्या विम्यांवर बाळाला घातलंत तर अजून एक गंमत. आई-बाबांपैकी ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याचा विमा बाळासाठी पहिला. वय नाही बघत, तारीख आणि महिना बघतात. आमच्याकडे बायकोचा वाढदिवस २ जानेवारी, त्यामुळे मला कधीच संधी नव्हती.

---

हळदकुंकू_अँड_को | ११ नोव्हेंबर २०२५

औषधांवरचं माझंही जोडते. मला संधिवाताचं इंजेक्शन लागतं. औषध कंपनी कूपन कार्ड देते, माझा वाटा तेच भरतं. दोन वर्षं ते पैसे डिडक्टिबलमध्ये मोजले गेले. तिसऱ्या वर्षी प्लॅनने ‘ॲक्युम्युलेटर’ लावला: कूपनचे पैसे घेतात, पण माझ्या मीटरवर चढवत नाहीत. जूनमध्ये कार्ड संपलं आणि फार्मसीच्या काउंटरवर कळलं की माझं डिडक्टिबल अजून तसंच्या तसं आहे. कोणाच्या घरी महागडं औषध चालू असेल तर प्लॅन निवडण्याआधी हा एकच शब्द विचारा.

---

खडूस_आजोबा | ११ नोव्हेंबर २०२५

आणि ईओबी (विम्याने किती भरलं, आपला वाटा किती याचा हिशेब) म्हणजे बिल नव्हे. विमा कंपनीकडून येणारा तो कागद आधी बघायचा, मग हॉस्पिटलचं बिल, दोन्ही जुळले तरच चेक फाडायचा. माझी बायको हे सगळं स्वयंपाकघरातल्या एका पोह्यांच्या डब्यात ठेवते. तीस वर्षांत दोनदा त्या डब्याने पैसे परत मिळवून दिलेत.

---

मोगरा_पार्सिपनी | १९ मार्च २०२६

धागा वर आणतेय, राग मानू नका.

मुलगी झाली. ३ जानेवारीला, सिझेरियन. कावीळ निघाली म्हणून दोन दिवस निळ्या दिव्याखाली होती, आता ठणठणीत आहे आणि रात्री दोन वाजता गप्पा मारायच्या मूडमध्ये असते.

हिशेब: विम्याच्या दराने माझं १९,४००, तिचं ५,६००. बरोब्बर २५,०००. चार हजार आणि उरलेल्या २१,००० चे २० टक्के मिळून ८,२०० होतात, म्हणजे पातेलं ८,००० ला भरलं. पीपीओत माझे ३,५०० आणि तिचे १,७२० गेले असते, पण हप्ता धरून तो महागच पडला असता. फ्रिजवरचा कागद अजून तिथेच आहे.

एचएसए १ तारखेला उघडलेलं होतं (विचारून विचारून एचआरला पिडलं). तिचं नाव बाराव्या दिवशी घातलं.

एक भानगड झाली. मर्यादा पूर्ण झाल्यावर भूलतज्ज्ञांकडून ३१२ डॉलरचं बिल आलं. ईओबीत माझा वाटा शून्य. आजोबा, तुमच्या पोह्यांच्या डब्याची आठवण झाली. फोन केला तर म्हणाले दावे ज्या क्रमाने आले त्या क्रमाने मोजले गेले, आमच्याकडे जुना कागद आहे. विमा कंपनीला तिघांच्या फोनवर घेतलं, पंचेचाळीस मिनिटं लागली, बिल रद्द.

---

कोथिंबीरवडी | १९ मार्च २०२६

अभिनंदन गं!! लेकीचं नाव काय ठेवलं ते नको सांगूस इथे, फोटो व्यनि (खासगी निरोप) कर.

आता लक्षात आलं का, पातेलं भरलंय म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत तिघांचंही इन-नेटवर्क सगळं फुकट. नवऱ्याचंही. त्याने ज्या ‘एकाच आकड्यावरून’ भांडण केलं त्याचा सगळ्यात जास्त फायदा त्यालाच. वाट्या असत्या तर त्याची वाटी अजून रिकामी असती.

---

मोगरा_पार्सिपनी | २० मार्च २०२६

त्याच्या ते माझ्या आधी लक्षात आलं. दोन वर्षं दुखणाऱ्या गुडघ्याचा एमआरआय १४ एप्रिलला आहे.